के-ड्रामात कोण किती पाण्यात आहे, कपड्यावरून कसं ओळखायचं

सबटायटल वाचत के-ड्रामा, म्हणजे कोरियन सिरीज बघितली की निम्मी सिरीज नजरेतून निसटते, हे आधी मान्य करा. डोळे खालच्या पट्टीवर, आणि वरती त्या सासूच्या कॉलरवर अख्ख्या घराण्याची कुंडली मांडून ठेवलेली, ती कोण बघणार? म्हणून पहिलं काम सांगते. पहिल्या एपिसोडची सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं आवाज बंद, सबटायटल बंद, फक्त कपडे बघायचे. मग मागं नेऊन परत नीट बघा. घरचे म्हणतील काय मुका पिक्चर बघायलीस, म्हणू द्या.

मी सोलापूरची, पूर्व भागात शाळांचे आणि कंपन्यांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटमध्ये कटिंग बघते. हे सांगायचं कारण एवढंच की दिवसभर हातात युनिफॉर्म असल्यावर कपड्यात पहिलं दिसतं ते किंमत नाही, सुंदर आहे का ते पण नाही, पहिलं दिसतं की हा कपडा ह्या माणसानं स्वतः निवडलाय का कोणीतरी त्याच्या अंगावर चढवलाय. आमच्या मावशीचा प्रश्न कायम एकच, "हिचा कोट केवढ्याचा असेल गं?" प्रश्न वाईट नाही पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न हा, की इथं नियम कोणाला लागू आहे आणि तो मोडायची परवानगी कोणाला आहे. कोरियन सिरीजला हा एक प्रश्न लावा, निम्म्याहून जास्त पात्रं बोलायच्या आधी कळतात.

आधी युनिफॉर्म शोधा

प्रत्येक सिरीजमध्ये कुठला ना कुठला युनिफॉर्म असतोच. शाळेचा, हॉस्पिटलचा, मिलिटरीचा, डिपार्टमेंट स्टोअरमधल्या पोरींचा, ऑफिसातल्या काळ्या सूटचा. तो सापडला की मग बघायचं, युनिफॉर्म कोण घालत नाही. तोच मालक, किंवा मालकाचा पोरगा.

२००९ ची बॉइज ओव्हर फ्लॉवर्स घ्या, जुनी आहे, पण शिकायला एकदम सोपी. श्रीमंतांची शाळा, सगळ्यांना युनिफॉर्म, आणि ते चार हिरो मात्र पाहिजे ते घालून फिरतात, फर काय, स्कार्फ काय, आणि कोणी मास्तर त्यांना हटकत नाही. हिरोइन कोण, तर लाँड्रीवाल्याची पोरगी, ती त्या शाळेत पहिल्यांदा येते तीच मुळी कपडे पोचवायला. म्हणजे तिचा आणि त्या युनिफॉर्मचा संबंध आधी धुण्याचा, मग घालण्याचा. एवढं लिहिलंय तिथं, आणि आपण बघत बसतो हिरोच्या कुरळ्या केसांकडं.

शाळेच्या युनिफॉर्ममध्ये आणखी बारकावे आहेत. ब्लेझर सगळ्यांचा सारखा, पण फिटिंग बघा. कमरेत नीट बसलेला, बाही मनगटावर बरोबर संपलेली म्हणजे घरी अल्टर करून घ्यायला पैसा आणि हौस दोन्ही आहे. खांद्यावरून उतरणारा, बाही बोटापर्यंत आलेली म्हणजे एकतर मोठ्या भावंडाचा आहे नाहीतर "पुढच्या वर्षी पण चालला पाहिजे" म्हणून घेतलेला, हे तर आपल्याकडचं प्रत्येक घर जाणतं. स्कर्टखाली शाळेची ट्रॅक पँट घालून बसलेली मुलगी दिसली की ती कोणाला इम्प्रेस करायच्या भानगडीत नाही, बिनधास्त आहे असं समजा. आणि छातीवरची नावाची पट्टी विसरू नका, द ग्लोरी ह्या सिरीजमध्ये त्या एवढ्याशा पट्टीवर काय काय अवलंबून आहे ते मी सांगणार नाही, बघा तुम्हीच.

जाता जाता, कोरियात सरकारनं १९८३ ला शाळेच्या युनिफॉर्मची सक्तीच काढून टाकली होती, मग १९८६ पासून शाळांना परत मुभा दिली. त्या मधल्या काळावरची सिरीज बघताना पोरं साध्या कपड्यात शाळेत दिसली तर गोंधळू नका. (तिकडच्या युनिफॉर्मवाल्यांनी त्या तीन वर्षांत काय केलं असेल ह्या विचारानं मला खरंच झोप लागली नव्हती.)

ह्याच प्रश्नाचं दुसरं टोक म्हणजे स्क्विड गेम, २०२१ ची. तिथं ४५६ माणसं, सगळ्यांना एकच हिरवा ट्रॅकसूट आणि छातीवर नंबर. बाहेर कोण डॉक्टर होता, कोण मोठ्या युनिव्हर्सिटीतून शिकलेला, कोण गुंड, सगळं पुसलं गेलं. पण गंमत पहारेकऱ्यांची. त्यांचे गुलाबी सूट पण एकसारखे, तरी मुखवट्यावरचा आकार वेगळा, गोल म्हणजे हमाली करणारा, त्रिकोण म्हणजे बंदूकवाला, चौकोन म्हणजे मॅनेजर. म्हणजे युनिफॉर्ममध्ये सगळे सारखे असतात ही थाप आहे, युनिफॉर्म घातला की पायरी आणखी स्पष्ट दिसते. आम्ही पण कंपनीच्या ऑर्डरला सुपरवायझरच्या शर्टला वेगळ्या रंगाची पट्टी लावतोच की.

आणि २०१० च्या सीक्रेट गार्डनमधला तो निळा चमकीचा ट्रॅकसूट! हिरो डिपार्टमेंट स्टोअरचा मालक, त्याच्या हाताखालची सगळी माणसं टाय लावून उभी, आणि हा टिकल्या लावलेला ट्रॅकसूट घालून येतो, वर ऐकवतो काय तर इटलीतल्या कारागिरानं एकेक टाका हातानं घातलाय. हिरोइन पण ट्रॅकसूटमध्येच वावरते, कारण ती स्टंट करणारी आहे, तिचं कामच तसलं. कपड्याचा प्रकार तोच, पण तिच्या अंगावर तो पोटापाण्याचा आणि ह्याच्या अंगावर माज. दोघांना शेजारी उभं केलेला कुठलाही सीन पॉज करून बघा.

राजा-राणीवाल्या सिरीज

इथं जरा वेळ काढा, कारण इथं सगळं नियमानंच चालतं आणि नियम एकदा माहीत झाले की कोण आलं कोण गेलं हे दारातच कळतं. बहुतेक ऐतिहासिक सिरीज जोसॉन काळातल्या असतात, म्हणजे १३९२ पासून पुढची पाचेकशे वर्षं. त्या काळचा पोशाख हानबोक. बायकांचं वरचं आखूड जॅकेट म्हणजे जॉगोरी, खाली छातीपासून सुरू होणारा घेरदार घागरा म्हणजे चिमा. जॉगोरीला बटण नाही, पुढं लांब पट्ट्यांची जोडी असते ती बांधायची. आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाचे मानकरी पांढरी बाराबंदी घालतात, तिला कशा बंद बांधून नीट बसवावं लागतं, तसलंच काम, फक्त इथं बंदांची जोडी एकच आणि ती मिरवायची.

ओळखायची सुरुवात डोक्यापासून करा, कपड्यापासून नाही. बाईची वेणी पाठीवर आणि टोकाला लाल रिबीन, म्हणजे लग्न व्हायचंय. मानेवर अंबाडा आणि त्यात आडवा काटा, म्हणजे लग्न झालंय. तो काटा सोन्याचा, जेडचा का लाकडाचा, ह्यावर घराची ऐपत. त्यावर ड्रॅगन नाहीतर फिनिक्स पक्षी असला तर राजघराणं, उठून उभं रहा. पुरुषाचं तसंच, लग्नाआधी वेणी, लग्नानंतर डोक्यावर गाठ. त्यावर काळी, आरपार दिसणारी रुंद काठाची टोपी म्हणजे गात, ही घोड्याच्या केसांची आणि बांबूच्या बारीक काड्यांची. २०१९ ला किंगडम ही सिरीज आली तेव्हा जगभरची माणसं त्यातले झॉम्बी सोडून टोप्यांबद्दलच बोलायला लागली होती, आणि बरोबरच केलं त्यांनी. गात ही खानदानी माणसाची, यांगबान म्हणतात त्यांना. हनुवटीखाली लोंबणारी मण्यांची माळ बघा, तिथं पैसा दिसतो. गरीब नाहीतर फेरीवाला असला तर साधी विणलेली बांबूची टोपी. आणि खाटकांना, म्हणजे त्यांच्या समाजातल्या सगळ्यात खालच्या मानलेल्या लोकांना, गात घालायचीच बंदी होती. लक्षात घ्या, परवडत नव्हती असं नाही, बंदी होती.

दरबार. राजाचा लाल झगा, छातीवर, पाठीवर आणि दोन्ही खांद्यांवर सोनेरी गोलात ड्रॅगन. आता त्या ड्रॅगनची नखं मोजा, राजाला पाच, युवराजाला चार, युवराजाच्या पोराला तीन. युवराजाचा झगा बहुतेक वेळा काळपट निळा दाखवतात. म्हणून एखादा राजकुमार गादीवर बसतो त्या एपिसोडला नुसतं "राजा झाला" एवढं नसतं, रंग बदलतो, नख वाढतं. मंत्र्यांमध्ये वरच्या पायरीचे लाल, मधले निळे, खालचे हिरवे. छातीवर चौकोनी भरतकामाचा तुकडा असतो, तो १४५४ पासून सुरू झाला, पुढं शेवटच्या काळात वरच्या मुलकी अधिकाऱ्याला दोन करकोचे, खालच्याला एक, लष्करवाल्याला तसेच वाघ. दरबारात भांडण चाललंय आणि कोण कोणावर गुरकावतंय कळंना झालं तर करकोचे मोजा, बास.

बायकांचं ह्याहून बारीक. जॉगोरीची बांधायची पट्टी जांभळट असली तर नवरा जिवंत आहे. बाहीच्या टोकाला निळा कफ असला तर मुलगा आहे. वाचून आपल्याला कुंकू-मंगळसूत्र आठवणारच, मी त्यात पडत नाही. कॉलर, कफ, काखेचा तुकडा आणि पट्टी सगळं वेगळ्या रंगाचं, अशी जॉगोरी वरच्या घरातल्या बाईची. सगळी एकाच रंगाची म्हणजे साधं घर. हिरवी जॉगोरी लाल घागरा म्हणजे नवी नवरी. राजवाड्यात हिरवट लांब जॅकेट घालून, हात आत लपवून, खाली मान घालून चालणाऱ्या मोठ्या बायका म्हणजे सांगगुंग, राजवाड्यातल्या नोकरीत वर चढलेल्या. त्यांच्या तोंडावर कधी काही दिसत नाही, पण गुपितं सगळी त्यांच्याच पोटात.

आणि राजवाड्यातल्या दासींच्या बाहीचा कफ लाल. २०२१ च्या द रेड स्लीव्हमध्ये तर पूर्ण गोष्ट त्या कफाचीच आहे. लाल कफ म्हणजे ही बाई राजाची, जन्मभर, राजानं कधी ढुंकून बघितलं नाही तरी. आता हिरोइन हुशार, वाचणारी, स्वतःचं आयुष्य स्वतः ठरवायला बघणारी, आणि हातावर सतत तो कफ. ती पुस्तक धरते तेव्हा दिसतो, चहा देते तेव्हा दिसतो, त्याच्यापासून लांब जाते तेव्हा पण दिसतो. लव्ह स्टोरी म्हणून बघाल तर रडाल, कफ बघत बघाल तर चिडाल. मला चिडून बघायला आवडली.

केसांच्या त्या डोंगराएवढ्या टोपांबद्दल पण एक सांगते. जास्तीचे केस विकत घेऊन डोक्यावर रचायची एवढी चढाओढ लागली होती की एका तेरा वर्षांच्या सुनेची, सासरा आला म्हणून पटकन उठताना, मान मोडल्याचं त्या काळच्या एका विद्वानानं लिहून ठेवलंय. राजानं १७५६ ला बंदी आणली, पुढच्या राजानं १७८८ ला परत आणावी लागली, म्हणजे पहिल्या बंदीला कोणी भीक घातली नव्हती. तेव्हा सिरीजमध्ये जिच्या डोक्यावर टोप जास्त मोठा तिच्या मनात असुरक्षितता जास्त, असं धरून चाला, बहुतेक वेळा बरोबर निघतंय.

सगळं एकाच ठिकाणी शिकायचं असेल तर मिस्टर सनशाईन, २०१८. ती १९०० च्या आसपासची आहे आणि तो काळच असा की नियम मोडून पडायलेत. १८९४ ला गुलामी कायद्यानं बंद झाली, १८९५ च्या शेवटी पुरुषांना डोक्याची गाठ कापायचा हुकूम आला, रस्त्यावर हानबोक, सूट, किमोनो, मिलिटरी सगळं एकदम. आता पात्रं बघा. गुलामाच्या पोटी जन्मलेला पोरगा अमेरिकन मरीनचा अधिकारी बनून परत येतो, त्याच्या अंगावरचा युनिफॉर्म दुसऱ्या देशाचा, म्हणून ज्यांनी त्याच्या आई-बापाला मारलं ते आता त्याला हात लावू शकत नाहीत. खाटकाचा पोरगा जपानी कपड्यात तलवार घेऊन फिरतो, कारण स्वतःच्या देशाचा पोशाख त्याला कधी मानानं घालूच दिला नाही. हॉटेलवाली कुडो हिना युरोपियन गाऊनमध्ये, कोणाच्याच नियमात न बसणारी. आणि खानदानी घरातली ए-शिन दिवसा रेशमी हानबोकमध्ये पालखीत, रात्री पुरुषी सूट आणि तोंडाला फडकं बांधून कौलांवर बंदूक घेऊन. चौघं पण कपड्यानं आपापल्या जन्मातून पळायलेत. त्यातला तो खाटकाचा पोरगा लहानपणी पालखीत तिच्या रेशमी घागऱ्याची कड धरतो, आणि मोठेपणी परत धरतो, ते दोन सीन एकामागं एक लावून बघा. प्रेम, राग, जात, सगळं त्या एका कापडाच्या मुठीत आहे, डायलॉगची गरजच नाही.

आजच्या काळातल्या श्रीमंतांच्या घरी

इथं लिहिलेला नियम नाही, म्हणून नजर जास्त लागते. कंपनीवाल्या घरातली मोठी बाई घरातसुद्धा ट्वीडचं जॅकेट, मोती, ब्रोच, केस सेट केलेले, पायात घरातल्या स्लिपर. ती सोफ्यावर बसलेली असते आणि कुठं जाणार पण नसते. हाच मुद्दा आहे, तिला आरामाचे कपडे नाहीत, घर हेच तिचं ऑफिस. आजोबा चेअरमन असतील तर उलटं, ते कार्डिगन घालून बसतील, कारण त्यांना आता कोणाला काही दाखवायचं राहिलेलं नाही. कार्डिगनवाल्या म्हाताऱ्यापुढं सूटवाले पन्नाशीचे पोरगे मान खाली घालून उभे असतात, सूट जेवढा कडक तेवढी भीती जास्त.

ब्रँडचं नाव दिसणारी बॅग, पट्ट्यावर मोठं अक्षर, हे बहुतेक नवीन पैसा आलेल्या किंवा पैसा दाखवायला धडपडणाऱ्या पात्राला देतात. जुन्या घराण्यातली बाई साधा क्रीम कोट घालते ज्यावर काहीच लिहिलेलं नसतं आणि तरी दुकानातली पोरगी तिला बघून वाकते. द ग्लोरीमध्ये त्या वाईट ग्रुपमधल्या पोरींची आपापसातली पायरी ह्यातच आहे. एक मूळची श्रीमंत, हवामानाच्या बातम्या देणारी, तिच्या अंगावर कपडा चिकटल्यासारखा बसतो. दुसरी लाँड्रीवाल्याच्या घरची, एअर होस्टेस झालेली, तिचं सगळं जरा जास्तच, रंग पण, चमक पण. आणि ज्या मुलीला ह्यांनी छळलं ती दोंग-उन, हातापायावर भाजल्याचे डाग, कायम पूर्ण बाह्या, गळ्यापर्यंत बंद, करड्या-काळ्या रंगात. बाकीच्या कपड्यानं स्वतःला दाखवायलेत आणि ही झाकायली. तिनं पहिल्यांदा ते डाग कोणासमोर उघडे केले तो सीन लक्षात ठेवा, तिथं शर्टाची बटणं काढणं हेच सगळ्यात मोठं वाक्य आहे.

२०२४ ची क्वीन ऑफ टियर्स, त्यात पहिल्याच एपिसोडला श्रीमंत घरचे जावई, वकील वगैरे शिकलेले, शर्टाच्या बाह्या वर करून ॲप्रन बांधून पितरांच्या पूजेचा स्वयंपाक करतात, घरचे लोक बाहेर बसलेले. बघताना आपण हसतो, पण हिरो त्या घरात काय किंमतीचा आहे हे त्या ॲप्रनच्या गाठीत सांगून टाकलंय. आमच्याकडं आत्या तो सीन बघून म्हणाली, "बरं झालं, कळू दे त्यांना पण."

लग्नाचा सीन आला की दोन आया बघा. नवरीची आई गुलाबी-लालसर हानबोकमध्ये, नवऱ्याची आई निळ्या-हिरवट. एखाद्या सिरीजमध्ये नवऱ्याच्या आईनं हानबोकच घातला नाही किंवा भलताच रंग घातला तर समजा, लग्न तिच्या मनाविरुद्ध आहे. अंत्यविधीला काळे सूट आणि दंडावर पट्टी, ती घरच्या माणसाला. कोणाला ती पट्टी बांधू दिली नाही हे बघा, अनौरस पोरगा, टाकलेली बायको, सगळी भानगड तिथं बाहेर येते.

कोट, म्हणजे आपल्याला न कळणारी गोष्ट

आपण सोलापूरची माणसं. मे महिन्यात ४४ डिग्री, थंडी म्हणजे जानेवारीत पंधरा दिवस स्वेटर, आणि रात्री चादर. आपल्याला चादरीचा दर्जा हात लावून सांगता येतो पण लोकरी कोट बघून काही वाटत नाही. सोलमध्ये, म्हणजे कोरियाच्या राजधानीत, जानेवारीत पारा शून्याच्या खाली दहा-दहा डिग्री जातो. तिथं उन्हाळ्यात टी-शर्टवर गरीब-श्रीमंत सारखेच दिसू शकतात, हिवाळ्यात लपवता येत नाही. म्हणून बघायचं असं. श्रीमंत माणूस पातळ, लांब, सरळ पडणारा कोट घालतो, बटणं पण लावत नाही, कारण तो गाडीतून उतरून दारात जातो, थंडीत उभा राहतच नाही. गरीब माणूस फुगीर जॅकेट, चेन गळ्यापर्यंत, त्याला बसस्टॉपवर थांबायचंय. हिरोनं स्वतःचा कोट काढून हिरोइनच्या खांद्यावर टाकला की आपण रोमान्स म्हणतो, पण त्यात तो तिला पाच मिनिटांसाठी आपल्या पायरीवर घेतोय हे पण आहे.

२०११ च्या सुमारास तिकडं शाळकरी पोरांमध्ये एका परदेशी ब्रँडच्या फुगीर जॅकेटचं एवढं वेड होतं की कुठलं मॉडेल घातलंय त्यावर वर्गातली पायरी ठरायची, आई-बाप कंबर मोडून ती घेऊन द्यायचे. त्यानंतरच्या शाळेवरच्या सिरीजमध्ये जॅकेट हिसकावून घेणारा दादा दिसला तर त्यामागं हे आहे.

गरीब पात्र आणि फुकटचे कपडे

गरीब पात्र ओळखायची खरी खूण फाटका कपडा नाही, परत आलेला कपडा. तेच स्वेटर तिसऱ्या एपिसोडला दिसलं, आईच्या खोलीत खुंटीवर तेच लटकलेलं दिसलं, की तो कपडेपट नीट काम करतोय. गावाकडच्या, बाजारातल्या बायका फुलाफुलाच्या ढगळ इलॅस्टिक पँटमध्ये आणि आखूड कुरळ्या पर्ममध्ये दिसतात, त्यांना गबाळ्या समजू नका, सिरीजमध्ये खरी सत्ता आणि खरी बातमी त्यांच्याकडंच असते.

आता सावध व्हा. २०१० पासून कोरियात टीव्ही सिरीजमध्ये जाहिरातीसाठी वस्तू दाखवायला रीतसर परवानगी मिळाली, आणि कपडे-बॅगा तर त्याच्या आधीपासून ब्रँडवाले देतच होते. म्हणून अर्धवट पगारावर छपरावरच्या खोलीत राहणारी पोरगी दर एपिसोडला नवा कोट घालते. तो कोट पात्राचा नाही, स्पॉन्सरचा आहे, त्यातून अर्थ काढत बसू नका. कसं ओळखायचं? बॅग टेबलावर कॅमेऱ्याकडं तोंड करून ठेवलेली असेल, किंवा कोटाला एकही सुरकुती नसेल आणि तो परत कधीच दिसला नाही, तर ती जाहिरात. ह्या धंद्याची ताकद कमी समजू नका, २०१३-१४ च्या माय लव्ह फ्रॉम द स्टारमधल्या हिरोइनचा कोट परदेशातल्या लोकांना ऑनलाइन घेता येईना म्हणून खुद्द तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष पार्क गन-हे यांनी मार्च २०१४ मध्ये सरकारी बैठकीत तो विषय काढला होता. कोटावर!

बदल कुठं होतो ते पकडा

एवढं जमलं की शेवटचं आणि सगळ्यात मजेचं काम. एक पात्र धरा, आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या एपिसोडमधले त्याचे कपडे मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट काढून शेजारी ठेवा. इट्स ओके टू नॉट बी ओकेमधली लेखिका सुरुवातीला एवढे भारी, फुगलेले, काळे, टोकदार खांद्यांचे ड्रेस घालते की तिच्या जवळ कोणी जाऊच शकत नाही, ड्रेसचा घेरच मधे येतो. पुढं पुढं घेर कमी, रंग मऊ, आणि केस तर ती स्वतःच कापते. तिला कोणी "बदललीस" म्हणायच्या आधी कपड्यांनी सांगितलेलं असतं.

क्रॅश लँडिंग ऑन यू उलट्या बाजूनं बघा. से-री स्वतः फॅशन कंपनीची मालकीण, उत्तर कोरियाच्या खेड्यात येऊन पडते आणि जे मिळेल ते घालते. तरी तिची ऐट जात नाही, त्या साध्या कपड्यात पण ती शेजारणींना काय शोभतं ते सांगते. त्या शेजारणींमध्ये पण पायरी आहे, नवऱ्याच्या हुद्द्यावर. पण मला जास्त आवडतो तो हिरो. त्याच्या अंगावर साध्या कॅप्टनचा युनिफॉर्म, आणि बाप किती मोठा माणूस आहे हे तो कोणाला सांगत नाही. म्हणजे बाकी सगळ्या सिरीजमध्ये वरचा माणूस युनिफॉर्म टाळतो, आणि हा युनिफॉर्ममध्ये लपून बसतो. मी सुरुवातीला सांगितलेल्या प्रश्नाला इथं उलटं उत्तर येतंय, आणि म्हणूनच तो माणूस लक्षात राहतो.

गॅदरिंगला हानबोक शिवायचा असेल तर

हे पोरी नेहमी विचारतात म्हणून सांगून टाकते. चिमाला वेगळं कापड, जॉगोरीला वेगळं, एकाच थानातून दोन्ही काढू नका, नाहीतर नाईट ड्रेस दिसतो. घागऱ्याची पट्टी कमरेला नाही, छातीच्या वर बांधायची, त्यामुळं कापड जास्त लागतं, नवी पेठेत मोजून घेताना उंची छातीपासून धरा. नेट किंवा ऑर्गॅन्झा, आतून कॅनकॅन, चुण्या बारीक. जॉगोरीला डार्ट घालू नका, ती सपाट कापायची, बाहीची खालची बाजू गोल वळलेली पाहिजे, आणि गळ्याच्या पट्टीवर पांढरी बारीक पट्टी वेगळी टाचायची, ती मळली की काढून बदलता येते. बांधायच्या पट्ट्या दोन, एक जरा लांब, आणि गाठीला एकच फासा येईल असं बांधा, बुटाच्या लेससारखे दोन फासे नको. वेणी घाला, लाल रिबीन लावा. अंबाडा आणि काटा नको, लग्न झालं नसेल तर. निळा कफ पण नको, कारण सांगितलंय वरती. आणि कॉलेजच्या राजाच्या पार्टवाल्या पोराला झगा शिवत असाल तर ड्रॅगनची नखं पाचच काढा, गेल्या वेळी एका टेलरनं सहा काढली होती.